मागच्या ब्रेकची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील एका शाळेत शिक्षकांना भेटून आम्ही दोघे मोटारसायकलवरून निघालो होतो. गाडी एका शिक्षकमित्राची, शंभर सीसीची, बरीच वापरलेली. किल्ली देतानाच तो म्हणाला होता, "मागचा ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही. जरा सांभाळून जा."

करंजीचा घाट उतरताना या वाक्याचा अर्थ कळला. वळणावर समोर उसाने भरलेली ट्रॉली आली. पायाखालचे पेडल दाबले, ते सहज खाली गेले आणि काहीच झाले नाही. मग घाबरून सगळा जोर लावला, तेव्हा मागचे चाक एकदम जाम झाले, गाडीचा मागचा भाग फरपटत बाजूला गेला आणि आम्ही ट्रॉलीपासून हातभर अंतरावर कसेबसे थांबलो.

घाट संपल्यावर रस्त्याकडेला पत्र्याचे एक गॅरेज दिसले. मिस्त्रींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, पुढचा ब्रेक काय शोभेला ठेवलाय का?"

"अहो, पुढचा दाबला की गाडी पलटी होते ना!"

"कुणी सांगितलं?"

खरेच, कुणी सांगितले? सायकल शिकवताना थोरल्या भावाने, स्कूटर शिकवताना मामाने. आणि त्यांना कुणी सांगितले? चाक सोडवून मिस्त्री कामाला लागले आणि आम्ही त्या प्रश्नाचा विचार करू लागलो. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि मिस्त्रींनी केलेल्या दुरुस्तीचेही.

उंच चाकाची भीती

१८७० च्या दशकात युरोपात एक विचित्र सायकल लोकप्रिय झाली. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे अगदी लहान. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे वेग हवा तर चाक मोठे हवे, असा तो हिशेब होता. बसणारा जवळजवळ त्या चाकाच्या आसावर बसे. ब्रेक म्हणजे टायरवर दाबायचा चमच्यासारखा धातूचा तुकडा, तोही पुढच्याच चाकावर. जोरात ब्रेक लावला की स्वार डोक्यावर पडत असे.

हे असे का होई ते पाहू. ब्रेक लावताना घर्षणाचे बल जमिनीपाशी लागते. गुरुत्वमध्य मात्र त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे सायकल पुढच्या चाकाभोवती कलंडू पाहते. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच आणि पुढच्या आसाच्या मागे फक्त ३० सेंटिमीटर आहे असे धरा. या दोन अंतरांचे गुणोत्तर ०.२. म्हणजे वेग कमी होण्याचा दर गुरुत्व त्वरणाच्या पाचव्या भागाइतका, दर सेकंदाला सेकंदास सुमारे २ मीटर झाला की मागचे चाक उचलले जाणार. एवढा ब्रेक तर आपण गायीसमोरही लावतो!

आता मिस्त्रींच्या समोरची मोटारसायकल घ्या. दोन आसांमधले अंतर सुमारे १.२५ मीटर. स्वारासह गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ०.६ मीटर उंच आणि पुढच्या आसाच्या मागे सुमारे ०.७ मीटर. गुणोत्तर एकापेक्षा थोडे जास्त. म्हणजे उलटायला गुरुत्व त्वरणापेक्षाही मोठा दर लागेल. कोरड्या डांबरावर साध्या टायरचा घर्षण गुणांक ०.७ ते ०.८ असतो. त्यामुळे गाडी उलटण्याआधी चाकच घसरेल. सपाट रस्त्यावर सरळ जाणारी साधी मोटारसायकल पुढच्या ब्रेकने पलटी होत नाही, ती या साध्या भूमितीमुळे.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल आणली. उंच चाकाचे दिवस संपत आले. पण त्याची भीती मात्र सायकलवरून मोटारसायकलवर आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आली.

ब्रेक मागेच का राहिला?

भीतीखेरीज व्यवहाराचीही कारणे होती. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि टायरवर घासणारा चमच्याचा ब्रेक निरुपयोगी ठरू लागला, कारण त्याने टायरच झिजे. मग ब्रेक चाकाच्या धावेवर किंवा मध्यभागी नेणे आले. पुढचे चाक वळते. त्याच्यापर्यंत सळ्या आणि तरफा नेणे अवघड. मागचे चाक वळत नाही. तिथे एक सळई सरळ जाते. मोटारगाड्यांतही हेच घडले. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना फक्त मागच्या चाकांवर ब्रेक असत. चारही चाकांवर ब्रेक सर्रास दिसू लागले ते १९२० च्या दशकात.

१८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी नळीतून जाणाऱ्या लवचिक तारेचे पेटंट घेतले. आपण जिला 'ब्रेक केबल' म्हणतो ती हीच. तिच्यामुळे वळणाऱ्या चाकापर्यंत हाताचा जोर पोचवणे सोपे झाले. म्हणजे पुढच्या ब्रेकची तांत्रिक अडचण सव्वाशे वर्षांपूर्वीच सुटली होती. मनातली अडचण तेवढी राहिली.

ड्रम आणि खडू

मिस्त्रींनी चाक काढून ड्रम उघडला. आत अर्धचंद्राकृती दोन 'शू', त्यांवर लायनर. एका टोकाला दोघांची खुंटी, दुसऱ्या टोकाला त्यांच्यामध्ये चपटा कॅम. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉड बाहेरच्या आर्मला ओढतो, आर्म कॅमला फिरवतो, कॅम दोन्ही शूंना फाकवतो आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात.

ही रचना लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये पेटंट केलेल्या ब्रेकची वारस आहे. त्याआधी ड्रमभोवती बाहेरून पट्टा आवळणारे ब्रेक असत. त्यात धूळ, चिखल, पाणी सहज शिरे. घासणारा भाग आत घेतल्याने तो झाकला गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण डिस्कला बरीच वाट पाहावी लागली. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारसायकलवर पुढची हायड्रॉलिक डिस्क रुळली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० नंतर.

ड्रम इतकी वर्षे का टिकला? त्याचे गुपित वर्गातल्या खडूत आहे. खडू फळ्यावर तिरका धरा आणि टोक पुढे राहील अशा रीतीने ढकला. तो अडखळतो, किंचाळतो, कधी मोडतो. तोच खडू मागे ओढत न्या. तो गुळगुळीत चालतो. ढकलताना घर्षणच खडूला फळ्यात आणखी रुतवते, ओढताना घर्षण त्याला उचलून धरते. ड्रममधल्या दोन शूंची स्थिती अशीच असते. एका शूला फिरता ड्रम स्वतःकडे ओढून घेतो, दुसऱ्याला दूर लोटतो. पहिला शू पायाच्या जोरात फुकटची भर घालतो. म्हणून साध्या पायाने, तेल किंवा पंप नसतानाही ड्रम चांगला लागतो.

पण फुकटच्या मदतीला अटी असतात. घर्षण वाढले की पकड वाढते आणि पकड वाढली की घर्षणाचा जोर वाढतो, असे हे चक्र आहे. ते उलटेही फिरते. लायनरवर थोडे वंगण किंवा पाणी आले, तो तापला, की या शूची पकड घर्षण घटले त्याहून जास्त घटते. रात्रभर दमट हवेत राहिलेला ड्रम सकाळी पहिल्यांदा एकदम धरतो, तेही यामुळेच. डिस्कमध्ये हे चक्र नाही, म्हणून तिला जोर जास्त लागतो, पण ती दाबाल तेवढीच लागते. ड्रमचा लहरीपणा हा काही प्रमाणात त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे.

मिस्त्रींनी काय केले

आमची अपेक्षा होती की मिस्त्री मागचा नट आवळतील. त्यांनी तो आधी सैल केला. "नट तर तुम्ही पण आवळलाय," ते म्हणाले, "आवळून आवळूनच ही अवस्था झालीय." त्यांनी दाखवलेला क्रम आम्ही लिहून घेतला. तो असा.

पहिली पाहणी आर्मची. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना रॉड आणि आर्म यांच्यात सुमारे काटकोन हवा. लायनर झिजला की कॅमला जास्त फिरावे लागते, आर्म पुढे झुकतो आणि काटकोन मोडतो. तरफेचा नियम आपण आठवीत शिकवतो: बलाचा लंब घटकच कामाचा. कोन १२० अंश झाला तर १३ टक्के जोर वाया जातो, १३५ अंशांवर २९ टक्के. आमच्या गाडीचा आर्म असाच झुकलेला होता. अशा वेळी काही जण आर्म काढून एक-दोन दाते मागे बसवतात. कोन सुधारतो, ब्रेक लागू लागतो. पण आतला लायनर संपलेलाच राहतो आणि झीज दाखवणारा बाणही फसतो. खरा उपाय नवे शू.

दुसरी पाहणी कॅमची. तो आपल्या भोकात गंजून जड झाला होता. जड कॅम पायाचा जोर खातो आणि पाय उचलल्यावर परत येत नाही. ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो. मिस्त्रींनी कॅम काढून पॉलिश पेपरने साफ केला आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले. "जास्त लावलं तर तेच लायनरवर जातं," असा इशाराही दिला. पेडलच्या खिळीलाही असेच तेल दिले.

तिसरी पाहणी ड्रमची. आत खोल चरे नाहीत ना, ड्रम अंडाकृती झालेला नाही ना? तसा असेल तर पेडल पायाखाली धडधडते. लायनर काचेसारखा चकाकत असेल तर तो जळालेला आहे. पेपरने घासून चार दिवस निघतात, पुढे नाही. तेल प्यालेला लायनर तर फेकूनच द्यायचा.

ड्रममधली धूळ मिस्त्री तोंडाने फुंकू लागले तेव्हा मात्र त्यांना थांबवण्याची पाळी आमची होती. याला इतिहास आहे. इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून ब्रेकसाठी खास घर्षण-पदार्थ बनवायला सुरुवात केली आणि १९०८ च्या सुमारास त्यांत ॲस्बेस्टॉस आले. उष्णता सोसणारा हा पदार्थ पुढे जगभरच्या लायनरमध्ये वापरला गेला. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेले तर फुप्फुसांचे गंभीर आजार आणि कर्करोग होतो. लायनर जुना असेल तर त्यात काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून धूळ फुंकू नये, हवा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावी. मिस्त्रींनी ऐकले आणि फडके भिजवून आणले. त्या दिवशी शिकवणे दोन्ही बाजूंनी झाले.

शेवटी त्यांनी एक छान युक्ती केली. चाक बसवल्यावर आसाचा नट पूर्ण आवळण्याआधी आमच्यापैकी एकाला पेडल दाबून धरायला सांगितले आणि मग नट आवळला. दोन्ही शू ड्रमला टेकल्यामुळे ब्रेकची थाळी आपोआप मध्यभागी बसते. मग थाळी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट तपासला. ती सुटली तर थाळीच फिरते, तेव्हा हा बोल्ट विसरायचा नाही. पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली आणि मागे माणूस बसवून ती पुन्हा पाहिली, कारण सस्पेन्शन दबले की रॉडचा ताण बदलतो.

दुरुस्त झाला, तरी भरवसा किती?

ब्रेक आता उत्तम लागत होता. पैसे देताना आम्ही समाधानाने म्हणालो, "आता पुढच्याची गरज नाही." मिस्त्री हसले. त्यांचे हसणे बरोबर होते, हे आकडेमोड केल्यावर कळले.

गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरू. वजन सुमारे २००० न्यूटन. त्यातले ११०० मागच्या चाकावर, ९०० पुढच्या. घर्षण गुणांक ०.७. ब्रेक लावला की भार पुढे सरकतो. बसमध्ये उभे असताना आपण पुढे झुकतो तसेच. किती सरकतो? ब्रेकच्या बलाला गुरुत्वमध्याची उंची (०.६) आणि आसांमधले अंतर (१.२५) यांच्या गुणोत्तराने, म्हणजे ०.४८ ने गुणा, तितका.

फक्त मागचा ब्रेक लावला तर भार मागून निघून जातो आणि चाक घसरण्याआधी मिळू शकणारे बल केवळ सुमारे ५८० न्यूटन. वेग कमी होण्याचा दर २.९. फक्त पुढचा लावला तर उलटे: भार पुढे येतो आणि पकड वाढवतो. बल सुमारे ९५०, दर ४.७. दोन्ही नीट वापरले तर दर ७. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १४ मीटर वेगाने जाताना थांबायला लागणारे अंतर अनुक्रमे ३४, २१ आणि १४ मीटर. यात स्वाराला भान येण्याचा वेळ धरलेला नाही. शाळेच्या फाटकातून धावत बाहेर आलेल्या मुलासाठी ३४ आणि १४ यांमधले २० मीटर किती मोलाचे, हे शिक्षकांना सांगायला नको.

आमचा २.९ हा आकडा अगदीच घरगुती नाही. मोटारसायकलच्या ब्रेकसाठी २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत जो जागतिक तांत्रिक नियम झाला, त्यात फक्त पुढच्या ब्रेकने किमान ४.४ आणि फक्त मागच्याने किमान २.९ इतका दर मिळावा अशी अट आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही मागच्या ब्रेककडून यापेक्षा फारशी अपेक्षा ठेवलेली नाही.

आणि माणसे प्रत्यक्षात काय करतात? अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालातला एक निष्कर्ष असा, की संकटात सापडलेले स्वार मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा वापरतच नाहीत. करंजी घाटात आम्ही नेमके हेच केले होते.

नगर आणि दोन ब्रेक

या गोष्टीशी नगरचे जवळचे नाते आहे. १९७२ मध्ये फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरमधून लुना बाजारात आणली. जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षकांचे ते पहिले स्वयंचलित वाहन. लुनाचे पायडल पाय मारण्यासाठी होते, म्हणून दोन्ही ब्रेक हातात होते, सायकलसारखे, बाउडेनच्या तारेने ओढले जाणारे. त्याच काळातल्या स्कूटरवर आणि मोटारसायकलवर मात्र मागचा ब्रेक पायाखाली होता. पायात जोर जास्त, म्हणून भरवसाही त्याच्यावरच बसला. जोर जास्त आणि उपयोग कमी, अशी ती विषम वाटणी.

नगरमध्येच संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांपैकी ती एक. म्हणजे जिथे लुना बनली, तिथेच वाहनांचे नमुने परीक्षेलाही बसतात.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींसाठी कायद्याने एक बदल झाला. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस व्यवस्था आणि त्याखालच्या गाड्यांना एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सीबीएस व्यवस्था सक्तीची झाली. सीबीएसमध्ये मागच्या ब्रेकचे पेडल किंवा दांडा दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. लोकांची सवय बदलत नाही, म्हणून यंत्रच बदलले, असे म्हणता येईल. पण त्याआधीच्या गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. आमच्या मित्राची त्यांपैकीच एक.

वर्गात आणि रस्त्यावर

यातून मागचा ब्रेक कुचकामी, असा अर्थ घेऊ नये. खडीवर, वाळूवर, रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाचटावर किंवा वळणात पुढचे चाक घसरले तर गाडी सावरत नाही; तिथे वेग आधीच कमी करावा आणि मागचा हलकेच वापरावा. उभी गाडी उतारावर धरायला, सावकाश चालताना तोल राखायला मागचाच कामाचा. घाट उतरताना मात्र फक्त त्याच्यावर विसंबू नये. २०० किलो वजन १०० मीटर खाली आले की सुमारे २ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ती सगळी दोन किलो लोखंडाच्या ड्रममध्ये साठली तर त्याचे तापमान २०० अंशांहून जास्त वाढेल. वारा काही उष्णता नेतो, तरीही काम इंजिनाला वाटून द्यावे: खालचा गिअर टाकावा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये.

मुलांबरोबर एक प्रयोग जरूर करा. मैदानावर सायकल हाताने चालवत न्या, सीटवर दप्तर बांधा. आधी फक्त मागचा ब्रेक दाबून पुढे ढकला: मागचे चाक फरपटत पुढे येते. मग फक्त पुढचा दाबून ढकला: सायकल अडते आणि मागचे चाक हलके होऊन उचलू पाहते. भार कुठे गेला, हे मुलांना हातानेच कळते. त्यानंतर आकडे शिकवा.

परत आल्यावर मित्राला किल्ली दिली. "ब्रेक झाला का नीट?" त्याने विचारले. "मागचा मिस्त्रींनी केला," आम्ही म्हणालो, "पुढचा तुला करायचाय." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर तो ताशी वीसच्या वेगाने जाऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायचा सराव करत होता. कुंपणापाशी दहा-बारा मुले उभी राहून बघत होती.